तसंबघितलं सरांचं मुख्य विधान

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही ठाम मत दिलं नाही, त्याच्यावरच पोरांना ठाम मत मांडायला शिकवण्याची पाळी यावी, असा विनोद नियतीलाही रोज सुचत नाही. तिला तो एकदा सुचला आणि तिने भाषा विभागातल्या सरांची निवड केली.

सरांचं खरं नाव हजेरीपटावर असेलच, पण कॉलेजात त्यांना सगळे 'तसंबघितलं सर' म्हणत. त्यांचं वाक्य 'तसं बघितलं तर'ने सुरू व्हायचं आणि 'पण दुसऱ्या बाजूने'वर येऊन टेकायचं. शिपायाने विचारलं, "सर, चहा का कॉफी?" की सर म्हणणार, "तसं बघितलं तर चहाच बरा, पण दुसऱ्या बाजूने कॉफीनेही काही बिघडत नाही." शिपाई पाणी आणून ठेवायचा. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तेव्हाही त्यांनी "तसं बघितलं तर" अशीच सुरुवात केली होती. नशीब एवढंच, की मुलगी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "मला पसंत आहे, पुढचं बोला." म्हणून संसार तरी झाला. नाही तर सर अजून त्याच खुर्चीत दुसऱ्या बाजूचा विचार करत बसलेले सापडले असते.

शिवाय सर तात्पुरते होते. डोक्यावर दाट केस होते तेव्हा तात्पुरते म्हणून लागले, आणि आता केसच तात्पुरते उरले होते. दरवर्षी सुट्टी संपली की नवा आदेश निघायचा, आणि तो निघेपर्यंत घरात कोणी मोठ्याने हसायचंही नाही. बायकोने एक लाकडी कपाट पसंत करून ठेवलं होतं. "तुम्ही कायम झालात की घेऊ," असं ती म्हणाली तेव्हा दुकानदार तरुण होता. आता त्याचा मुलगा गल्ल्यावर बसायचा आणि बाईंना बघितलं की न विचारताच कपाटावरची धूळ झटकायचा.

सरांना कायम करणं प्राचार्यांच्या हातात होतं, आणि प्राचार्यांच्या जिभेला एक खोड होती. समोरच्याने काही म्हटलं रे म्हटलं, की "मुळीच नाही!" असं त्यांच्या तोंडून सुटायचंच. "आज उकडतंय," म्हणा, "मुळीच नाही!" म्हणत ते कोट चढवणार आणि दिवसभर घामाने निथळणार. ग्रंथपाल तर शपथेवर सांगतात की एकदा कोणी त्यांना "वाढदिवसाच्या शुभेच्छा" म्हणालं, त्यावर "मुळीच नाही!" म्हणून ते निघून गेले, आणि त्या वर्षी त्यांचं वय वाढलं नाही. दुसरी खोड म्हणजे ते 'मी' म्हणून कधी म्हणत नसत. 'व्यवस्थापनाला वाटतं', 'वरून आलंय', 'असं आढळून आलंय' अशी त्यांची भाषा. स्वतःचं डोकं दुखलं तरी 'डोकेदुखी निदर्शनास आली आहे' असंच ते म्हणतील, असं स्टाफरूममध्ये बोललं जायचं.

तर एकदा परगावी निबंध शिकवण्याचं प्रशिक्षण निघालं. कायम असलेल्या सगळ्यांना नेमकी घरची कामं निघाली, म्हणून तात्पुरत्या सरांना पाठवलं. सर परत आले ते एक कापडी पिशवी आणि दोन नियम घेऊन. पिशवीचा पट्टा वाटेतच तुटला. नियम मात्र टिकले, आणि पुढचं सगळं रामायण त्यांनीच घडवलं.

पहिला नियम असा, की निबंधात काय म्हणायचंय ते सुरुवातीलाच एका वाक्यात सांगा. त्याला म्हणायचं मुख्य विधान. आणि ते असं पाहिजे, की निदान एखादा शहाणा माणूस उठून "मला नाही पटत" म्हणू शकेल. दुसरा नियम, सर्वनामाचा मालक दाखवा. तो, ती, ते, त्यांनी, कोणीतरी, काही जण ही मंडळी निबंधात मोकाट सोडायची नाहीत. कोण ते आधी सांगायचं. आणि मत स्वतःचं असेल तर छातीठोकपणे 'मी' म्हणायचं.

नियम सांगताना सरांची छाती फुलली. सवयीने ते "तसं बघितलं तर" म्हणालेच, पण हळू.

वर्गात शेवटच्या बाकावर एक लंबू बसायचा. त्याला सगळे 'शेवटचा बाक' म्हणत, कारण त्याला आणि बाकाला कोणी वेगवेगळं पाहिलेलं नव्हतं. अपघातावरच्या निबंधात त्याने लिहिलं होतं, 'तो त्याच्या भावाबरोबर त्याच्या दुकानात गेला तेव्हा त्याने त्याला मारलं आणि तो पळून गेला. मग त्याने त्याला दवाखान्यात नेलं.'

"अरे, कोणी कोणाला मारलं?" सर म्हणाले.

"सर, तेच पोलीसही विचारतायत."

पहिल्या बाकावर एक चष्मेवाली होती. अभ्यासू, इतकी की सर शिंकले तरी ती तारीख घालून लिहून घ्यायची. तिचं मुख्य विधान होतं, 'पाणी महत्त्वाचे आहे.'

"बरं, हे कोण नाकारेल?" सरांनी वर्गाला विचारलं.

पोरं एकमेकांच्या वह्यांत डोकावली.

"सर, मांजर," शेवटचा बाक म्हणाला. "अंगावर टाकलं की."

"मांजर शहाणा माणूस नाही."

"तुम्ही आमचं बघितलं नाहीत सर."

आणि इथे सरांनी ती चूक केली, जी फक्त शिक्षकच करू शकतो. लोहार असता तर केली नसती, वकिलाने तर फी घेऊनसुद्धा केली नसती. सर म्हणाले, "गृहपाठ असा, की आपल्या घराविषयी एक मुख्य विधान तयार करायचं आणि जेवताना सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं. कोणी विरोध केला तर ते विधान. सगळ्यांनी माना डोलावल्या तर शून्य गुण." गृहपाठ वहीतच राहतो, घरात सांडत नाही, यावर शिक्षकांचा जो विश्वास असतो तो लहान मुलाचा देवावरही नसतो.

दुसऱ्या दिवशी सर दाढीला साबण लावून उभे होते तेव्हा दार वाजलं. दारात चष्मेवालीची आई, आणि तिच्या मागे चष्मेवालीची आत्या. आई लाल झाली होती. आत्या मात्र नव्या साडीत होती.

"तुम्हीच ते सर का हो?" आई म्हणाली. "काल आमच्या लेकीने भरल्या ताटावर विधान केलं."

"अरे वा! कोणतं?" सर साबणातून उजळले.

"की हे घर खरं तर आत्या चालवते आणि आई नुसती ओरडते!"

"मग? कोणी विरोध केला का?"

"मी केला! चांगला अर्धा तास केला!"

"ओरडून," आत्या मागून म्हणाली.

"वन्सं, तुम्ही मध्ये बोलू नका."

"मी कुठे बोलतेय वहिनी? मी तर सरांचे आभार मानायला आले. इतकी वर्षं या घरात खपले, पहिल्यांदाच कोणाच्या लक्षात आलं."

सर म्हणाले, "तसं बघितलं तर वहिनींचंही बरोबर, पण दुसऱ्या बाजूने..." त्यासरशी दोघी नणंदा-भावजया एकमेकींवरचा राग सोडून सरांवर घसरल्या. घरात एकी करण्याचा हा उपाय तसा नामी आहे, पण त्यासाठी तोंडाला साबण लावलेला एक माणूस मधोमध लागतो.

आरडाओरडा ऐकून तळमजल्यावरचे हेडक्लार्क काका वर आले. हे निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण सल्ला देण्याच्या सेवेतून त्यांना कोणी मुक्त केलं नव्हतं. दोघी गेल्यावर ते खुर्चीत ऐसपैस बसले आणि सरांना म्हणाले, "अहो, सर्वनामाला हात कशाला लावलात? मी सांगतो, साऱ्या कारभाराचा खांब आहे तो! मी जन्मभर फायलींवर 'त्यांनी पाहावे' लिहिलं. कोणी पाहिलं? कोणीच नाही. कोणावर आलं? कोणावरच नाही. सगळे सुखाने पेन्शनीत पोचलो. तुम्ही आता प्रत्येक 'त्यांनी'च्या मागे माणूस उभा करणार, म्हणजे काय माणसांना जगू द्यायचं नाही?"

"तसं बघितलं तर काका, तुमचंही..."

"हां! असं बोला. हे तुम्हाला शोभतं."

ते वाक्य सरांना टाचणीसारखं टोचलं. पण टोचल्याचंही त्यांनी ठामपणे सांगितलं नाही.

तिकडे शेवटच्या बाकाने घरी विधान केलं, की आमच्या बाबांना गाडी मागे घेता येत नाही. बाबांनी विरोध केला. नुसता तोंडी नाही, पुराव्यासकट करायचा म्हणून ते ताटावरून उठले, हात न धुता गाडीत बसले आणि सगळ्या बिऱ्हाडकरूंच्या देखत त्यांनी गाडी मागे घेतली. शेजारच्या बंगल्याची कुंपणाची भिंत विधानाच्या बाजूने पडली. भिंतीमागे गुलाबांच्या कुंड्या होत्या. कुंड्यांमागे कोट घालून, उकडत नाही असं दाखवत, प्राचार्य बसले होते.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. 'असे निदर्शनास आले आहे की, काहींनी काही ठिकाणी काही विधाने केल्यामुळे त्यांचे नुकसान झाले आहे. तरी संबंधितांनी त्याची नोंद घ्यावी.'

मधल्या सुट्टीत पोरं फलकापाशी जमली. सरांनी शिकवलेलं पहिल्यांदाच त्यांना असं उघड्यावर सापडत होतं. कोणीतरी तांबडी पेन्सिल काढली. (कोणीतरी म्हणजे शेवटचा बाक. मालक दाखवलेला बरा.) 'निदर्शनास' खाली रेघ पडली : कोणाच्या? 'काहींनी' खाली : नावे द्या. 'त्यांचे' खाली : भिंतीचे का कुंड्यांचे? समासात चष्मेवालीच्या टपोऱ्या अक्षरात : मुख्य विधान सापडत नाही. आणि सगळ्यात शेवटी : दहापैकी दोन. दोन्ही गुण अक्षराचे. पुन्हा लिहून आणावे.

सरांना बोलावणं आलं. प्राचार्यांच्या टेबलावर ती सूचना उताणी पडली होती.

"काय आहे हे?"

"सर, माझी चूक झाली," तसंबघितलं सर गडबडीत म्हणून गेले.

"मुळीच नाही!" प्राचार्य गरजले. मग आपण काय म्हणालो ते ध्यानात येऊन त्यांचा चेहरा तांबड्या पेन्सिलीसारखा झाला. "म्हणजे झालीच आहे! पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येतेय. तुमचा वर्ग बघणार आहेत. तुम्हाला कायम करण्याचा विषय त्यांच्यापुढे ठेवावा असं व्यवस्थापनाचं मत होतं. आता ते मत राहिलेलं नाही. आणि समितीला वर्ग आवडला नाही तर निबंधाचा वर्गच बंद. मग तुम्हाला तात्पुरतं तरी कशासाठी ठेवायचं?"

सर बाहेर आले ते जिना चुकून गच्चीवर गेले. तिथे थोडा वेळ पाण्याच्या टाकीशी बोलून खाली आले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"तसं बघितलं तर..."

"म्हणजे काहीच नाही." तिने भाजीची पातेली खाली ठेवली ती जरा जोरातच. "अहो, जे पोरांना शिकवता ते एकदा स्वतः करून बघा ना. एक वाक्य. फार नाही, एकच. मी इतकी वर्षं तुमच्या तोंडून एक वाक्य ऐकायला थांबलेय. कपाटाचं जाऊ दे, कपाट मला नकोच आहे."

तिला कपाट हवं होतं. हे सरांनाही कळत होतं. सर ताटातल्या भाताची मधोमध रेघ ओढून दोन बाजू करत राहिले.

समिती आली. दोन सभासद होते, ते बसल्या जागी डुलक्या काढू लागले. अध्यक्ष बाई मात्र टक्क जाग्या होत्या. त्यांनी जन्मात इतके निबंध ऐकले होते, की 'आमचे महाविद्यालय' हे दोन शब्द ऐकले तरी त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जायचा. प्राचार्यांनी नेमका तोच निबंध स्वतः लिहून पोरांकडून पाठ करून घेतला होता. पहिलं वाक्य सुरू झालं आणि बाईंचा हात वर गेला.

"पाठ केलेलं राहू द्या. मुख्य विधान कसं करतात ते आत्ता, इथे दाखवा. पोरांच्या वह्या मी चाळल्यात, तुमचा नियम मला ठाऊक आहे. विरोध करणारा कोणी निघाला तर गुण, नाही तर शून्य. आणि शून्य मिळालं तर हा वर्ग पुढे चालवावा असं मी लिहिणार नाही."

चष्मेवाली उठली. तिचे कान लाल झाले होते. तिने सरांकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि एका दमात म्हणाली, "माझं विधान असं आहे, की आमच्या सरांना कायम करायला हवं. सर म्हणजे हे समोरचे सर."

वर्गात एवढी शांतता झाली, की डुलकीतले दोघे दचकून जागे झाले.

बाईंनी प्राचार्यांकडे पाहिलं. "तुमचा विरोध आहे का?"

'मुळीच' हा शब्द प्राचार्यांच्या गळ्यापर्यंत आलेला साऱ्या वर्गाने पाहिला. पण विरोध केला तर बाई कारण विचारणार, आणि कारण म्हणून दाखवायला त्यांच्याजवळ पडक्या भिंतीखेरीज काही नव्हतं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा आपलं 'मुळीच नाही' गिळलं. गिळण्याची सवय नव्हती. उचकी लागली.

"व्यवस्थापन... उचक्... विचार करील."

"म्हणजे विरोध नाही. आणखी कोणाचा?"

कोणाचा असणार? पोरं एकमेकांकडे बघू लागली. सरांवर त्यांचा जीव होता, आणि नेमका तोच घात करत होता. बाईंनी पेन उचललं. "मग नियमाप्रमाणे शून्य. सगळ्यांना पटतं ते विधान नव्हे. 'पाणी महत्त्वाचे आहे' तसंच हे."

चष्मेवालीचा चष्मा वाफाळला. तेव्हा फळ्याशेजारच्या भिंतीशी, पंख्याच्या बटणांखाली, अवघडून उभे असलेले तसंबघितलं सर पुढे आले.

"मला नाही पटत," ते म्हणाले.

आधी कोणाला कळलंच नाही की हा आवाज कोणाचा. वाक्याच्या आधी काहीच नव्हतं. आगगाडी इंजिनाशिवाय यावी तसं ते वाक्य आलं.

"मी विरोध करतो. मी म्हणतो, या सरांना कायम करू नये. कारणं देतो. एक, या माणसाने आजवर स्वतःचं मत म्हणून दिलं नाही. असा माणूस पोरांना मत मांडायला काय शिकवणार? दोन, याच्या गृहपाठाने एका घरात भांडण लावलं आणि एका सद्गृहस्थांची भिंत पाडली." इथे सरांचा आवाज जरा बसला. "तीन, याला इतकी वर्षं तात्पुरतं ठेवलं, आणि यानं एकदाही 'का?' म्हणून विचारलं नाही. ज्याला स्वतःसाठी एक वाक्य उभं करता येत नाही, त्याच्यासाठी कॉलेजने का उभं राहावं?"

शेवटचा बाक बाकावरून उठून उभा राहिला होता. बाकापासून तो वेगळा झालेला त्या दिवशी प्रथमच दिसला. बाईंचं पेन हवेत थांबलं होतं. युक्तिवाद बिनतोड होता, आणि सर त्यात स्वतःच्या हाताने स्वतःला पुरत चालले होते.

"म्हणून माझं म्हणणं, याला..."

"मुळीच नाही!"

ते बाहेर पडलं. गिळलेलं, दाबलेलं, उचक्यांनी फुगलेलं 'मुळीच नाही' असं सुटलं, की खिडकीतलं कबुतर उडालं. प्राचार्य उभे राहिले होते. हाताखालच्या माणसाने समितीदेखत सलग तीन कारणं द्यावीत आणि ती खोडायला कोणी नसावं, हे त्यांच्या जिभेला सोसण्यासारखं नव्हतं.

"मत नाही? मुळीच नाही! मग आत्ता काय केलंत? इतकं ठाम मत या कॉलेजात आजवर कोणी मांडलं नाही!"

"पण ती भिंत..." सर चाचरले.

"मुळीच नाही! ती भिंत आधीपासूनच तिरकी होती!"

"पण मी कधी विचारलं..."

"मुळीच नाही! विचारायची तुम्हाला गरजच काय? या सरांना कायम केलंच पाहिजे, असं व्यवस्थापनाला वाटतं!"

मागून शेवटच्या बाकाने अदबीने हात वर केला. "सर, व्यवस्थापन म्हणजे कोण? कोणाला वाटतं?"

"मला!" प्राचार्यांनी टेबलावर मूठ आपटली. "मला वाटतं! मी म्हणतोय!"

उचकी थांबली. बाईंनी शांतपणे लिहून घेतलं आणि टोपण लावलं. चष्मेवालीला पूर्ण गुण मिळाले, विरोधाचे आणि विरोधाला विरोधाचेही. प्राचार्य हळूहळू खाली बसले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. भिंत त्यांना स्वतःलाच बांधून घ्यावी लागली. तिरकी होती म्हटल्यावर शेवटच्या बाकाच्या बाबांकडे काय मागणार?

ही बातमी सर घरी पोचण्याच्या आधी पोचली होती. हेडक्लार्क काका जिन्यातच भेटले. "तुमचा 'मी' तुम्हाला महागात पडला असता," ते म्हणाले, "नशिबाने समोरच्याचा त्याला अधिक महागात पडला." आणि पहिल्यांदाच सल्ला न देता खाली गेले.

वर दार उघडंच होतं. बायको पायातल्या चपलांसकट खुर्चीत बसली होती. ती कपाटाच्या दुकानात जाऊन आली होती, का जायला निघाली होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सर आत आले तशी ती उठली, जवळ आली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "एक विचारू? प्राचार्यांची खोड तुम्हाला ठाऊक होती. खरं सांगा, हे ठरवून केलंत, का त्या मुलीच्या गुणांसाठी खरंच स्वतःच्या पोटावर पाय दिलात?"

सरांनी पिशवी खुंटीला लावली. पट्टा तुटलेला असल्यामुळे ती खाली पडली. त्यांनी ती उचलून पुन्हा लावली. ती पुन्हा पडली.

"तसं बघितलं तर..."

"अंहं! मुख्य विधान आधी!"

सरांनी विचार केला. एका बाजूने केला, मग दुसऱ्या बाजूने केला. मग ताठ उभे राहून म्हणाले, "मला भूक लागली आहे."

"हे कोण नाकारेल?" बायको म्हणाली. "शून्य." आणि हसू लपवायला पाठ फिरवून ती ताट घ्यायला आत गेली.